हात सुटला तिथंच थांबा

आमचे घरमालक काका स्टेट कॉलेज नावाच्या गावात तीस-एक वर्षं राहिले आणि एवढ्या वर्षांत त्यांनी फुटबॉलची एकही मॅच बघितली नाही. स्टेडियमच्या आत पाऊल टाकलं नाही. कोण जिंकलं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलंच तर "असं का, बरं" म्हणून चहाचं भांडं विसळायला घ्यायचे. पण मॅचसाठी बाहेरगावाहून आलेल्या माणसानं या गावात कुठून चालावं, काय खावं, गर्दीत काय सांभाळावं आणि हरल्यावर घरी कसं जावं, यावर त्यांच्याइतकं ठासून बोलणारा माणूस अख्ख्या पेनसिल्व्हेनियात सापडला नसता.

गाव तसं डोंगरांच्या मधे दडलेलं. एरवी इतकं शांत, की कॅम्पस बसचा ड्रायव्हर तुम्ही उशिरा आलात तर कारण विचारतो. पण थंडी पडायला लागली, की ज्या शनिवारी मॅच आमच्याकडे असेल त्या शनिवारी इथं लाखभर माणूस उतरतं. शुक्रवारपासूनच कॅम्पसमागच्या कुरणांत गाड्या लागतात, लोक गाडीच्या मागे शेगड्या पेटवतात, खुर्च्या टाकतात आणि सकाळच्या कॉफीच्या वेळेला बिअर उघडतात. आम्ही देशी पोरंपोरी शुक्रवारीच दूध-ब्रेड आणून ठेवायचो आणि शनिवारी दाराला कडी घालून बसायचो. काकांचं घर नेमकं कुरणांकडून स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आणि त्या दिवशी दार सताड उघडून रस्त्याच्या कडेला टेबल मांडणारा माणूस तेवढा एकच.

मी सोलापूरची, पीएच.डी.साठी तिथं गेलेली. काकांच्या घराचा वरचा मजला आम्ही तीन मुलींनी भाड्यानं घेतला होता. पहिल्याच शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. "उठ ना बाई, पाहुणे येऊन राहिले अन् तू झोपून राहिली." मला वाटलं, नागपूरहून कुणी नातेवाईक आले. तोंड धुऊन, बऱ्यापैकी कुर्ता घालून खाली गेले, तर ड्राइव्हवेवर टेबल, टेबलावर पोह्यांचं मोठं पातेलं, शेजारी तर्री, म्हणजे हरभऱ्याचा लालभडक तेलकट रस्सा, आणि पाण्याचे जग. समोर पाहुणे. चार आडवेतिडवे अमेरिकन, तोंडं हिरवी रंगवलेली, एकाच्या डोक्यावर फोमचं शिंग. मी आपली कुर्त्यात.

"हाऊ मच?" शिंगवाल्यानं विचारलं.

"नथिंग. फर्स्ट वॉटर," काका म्हणाले आणि चौघांच्या हातात ग्लास दिले.

"यू गाइज विथ अ चर्च?"

"नो चर्च. नागपूर."

त्या माणसाला वाटलं असेल नागपूर हा काहीतरी पंथ आहे. त्यानं आदरानं मान हलवली, पोहे घेतले, तर्रीचा पहिला घास घेतला आणि त्याच्या हिरव्या तोंडाखालून लाल रंग वर यायला लागला. काका खूश. "लागली ना? मग पाणी काहून दिलं होतं आधी?" हे मराठीत. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की काका समोर कोण आहे ते न बघता मराठीत बोलायचे, आणि गंमत म्हणजे समोरच्याला कळायचं.

घरच्या टीमचे लोकही टेबलाशी थांबायचे, त्यांना कुणी हाकलत नव्हतं. पण काकांचा जीव परगावच्या टीमच्या लोकांवर. त्यांना ते शोधून, हाका मारून बोलवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "यांचं इथं कोण आहे? लाख माणूस यांच्या विरोधात ओरडणार. कोणी तरी यांना 'या' म्हटलं पायजे का नाही?"

सूचना ठरलेल्या. आधी पाणी, मग खाणं. नवे बूट घालून आला असाल तर नाडी सैल करा. लहान पोर बरोबर असेल तर त्याच्या खिशात बापाचा फोन नंबर टाका. आणि शेवटची, सगळ्यात मोठी, जिच्यासाठी ते हातातला झारा खाली ठेवून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे: "गर्दीत हात सुटला, तर हलायचं नाही. जिथं सुटला तिथंच थांबा. शोधणारा तिथंच परत येतो. दोघं शोधायला निघाले का दोघं हरवतात." सहा फुटी, दारू प्यायलेले, बिनलेकराबाळांचे गडीसुद्धा हे ऐकून "येस सर" म्हणायचे.

मॅच संपली की दुसरा प्रयोग. टेबलाजवळ दोन बादल्या गरम पाणी मिठाचं, ज्याचे पाय दुखतात त्यानं बुडवून बसावं. पहिल्यांदा ते बघून मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी वर निघून गेले. खिडकीतून बघते तर एक म्हातारा पँट गुडघ्यापर्यंत सारून बसलाय, त्याची टीम वाईट हरलेली, आणि काका त्याला चहा देऊन सांगतायत, "हरलेल्या माणसानं उपाशीपोटी गाडी चालवायची नसते." म्हातारा मान खाली घालून पोहे खात होता. तर्री नको म्हणाला होता, ती काकांनी तरी घातलीच.

आणि पुस्तक. ते राहिलंच. काकू गावच्या लायब्ररीत कामाला होत्या, तिथं काढून टाकलेली पुस्तकं खोक्यांनी घरी यायची. परत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काका एक कोंबायचे. निवडानिवड नाही. तोंड रंगवलेला माणूस आणि काखेत 'मधमाश्यांचे आजार', असे कित्येक लोक मी कुरणांकडे जाताना बघितले. एकानं नम्रपणे सांगितलं, की मी फारसं वाचत नाही. "मंग घरी कोणी वाचत असंल," काका म्हणाले. "एवढ्या लांब आला अन् रिकाम्या हातानं जाशील? लोक काय म्हणतील?"

मला हा सगळा वेडाचार वाटायचा. तोंडावर बोलायची सोय नव्हती, भाडं कमी होतं. एकदा शुक्रवारी काकूंबरोबर हरभरे निवडत बसले होते तेव्हा विचारलं, "काकू, काकांना हे लागलं कुठून?"

काकू अमरावतीच्या. मोजकं बोलायच्या. कॉलेजात काकांना एक वर्ष सीनियर होत्या, म्हणून काका त्यांना लग्नानंतरही 'मॅडम'च म्हणत. "तू गेलीस का कधी दीक्षाभूमीला?" त्यांनी उलट विचारलं.

गेले होते. लहान असताना, आईबाबांबरोबर, सोलापूरहून निघालेल्या बसनं. दसऱ्याला जिथं आपल्या माणसांनी धम्म घेतला त्या जागी दरवर्षी लाखो लोक येतात, पांढरे कपडे घालून, रेल्वेनं, ट्रकनं, पायी. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की जिकडं बघावं तिकडं पांढरं, मला भयंकर तहान लागलेली, आणि कुणा एका बाईनं ओळखपाळख नसताना मला पाणी दिलं आणि आम्हा सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. बाबांनी येताना पुस्तकं घेतली होती. रिकाम्या हातानं कुणीच परत जात नव्हतं.

"यांचं घर तिथून जवळ," काकू म्हणाल्या. "सासूबाई दरवर्षी दारात चूल मांडायच्या. येईल त्याला पाणी, येईल त्याला जेवण. बादलीत गरम पाणीही त्याच ठेवायच्या, लोक चालून आलेले असत ना. हे पाच-सहा वर्षांचे असतील, तेव्हा गर्दीत आईचा हात सुटला. आईनं सांगून ठेवलं होतं, हलायचं नाही म्हणून. हे एका खांबाला धरून उभे. दुपार झाली, उन्हं उतरली, लोक म्हणाले चल बाळा, माइकवाल्याकडे नेतो, तुझं नाव पुकारतील. हे हलले नाहीत. आई आलीच शेवटी." काकूंनी एक खडा काढून बाजूला टाकला. "इथं आल्यावर पहिल्या वर्षी ही गर्दी बघितली आणि दुसऱ्या मॅचला हरभरे भिजत घातले. मी म्हटलं, अहो, हे खेळाला आलेत. तर म्हणाले, मॅडम, तहान तर लागतेच ना."

त्यानंतर मी खिडकीतून बघणं बंद केलं आणि खाली जाऊन पाणी द्यायला लागले. दुसऱ्या दोघीही आल्या. चांगला नव्हे, उत्तम काळ होता तो. अभ्यास पुढे सरकत नव्हता, गाइड माझ्यावर खार खाऊन होता, पण शनिवारी निदान चार माणसं माझ्या हातचं पाणी पिऊन बरं वाटलं म्हणायची.

वर्षातल्या एका मॅचला गावाची एक रीत होती. घरच्या टीमच्या सगळ्या लोकांनी पांढरे कपडे घालून यायचं. त्या दिवशी काका टेबलाशी फार नसत. रस्त्याच्या कडेला मागे हात बांधून उभे राहायचे. कुरणांच्या उतारावरून पांढरी माणसं येत आहेत, पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या हाताला धरून, संपतच नाहीत. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "आपलं नाही ते. माहीत आहे मले. पण डोळ्याला काय समजते?" आणि चहा न पिता तसेच उभे राहिले.

हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, कारण विक्षिप्त माणसाचं बिघडलेलं लवकर कळत नाही. तर्रीत दोनदा मीठ पडलं, आम्ही हसलो. मला 'तू कुठली' असं एका आठवड्यात तीनदा विचारलं, मी म्हटलं, काका आता मस्करी करायला लागले. मग एका शनिवारी सकाळी खालून फोडणीचा वास आला आणि मी उठून बसले, कारण त्या शनिवारी मॅच नव्हती. टीम परगावी गेली होती.

खाली काका टेबल मांडून उभे. इस्त्रीचा शर्ट. पोह्यांवर वाफ. रस्ता रिकामा, एक कुत्रा फिरवणारी बाई सोडली तर चिटपाखरू नाही. काका उताराकडे बघत होते. "उशीर झाला यांना आज," म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. त्या आत गेल्या, कोट घातला, मफलर गुंडाळला, मागच्या दारानं बाहेर पडल्या, आणि थोड्या वेळानं रस्त्याच्या खालच्या अंगानं चालत वर आल्या, लांबून आल्यासारख्या. काकांचा चेहरा उजळला. "या, या. आधी पाणी घ्या." काकूंनी पाणी घेतलं, पोहे घेतले, तर्री घेतली. मग आम्ही तिघीही जॅकेटं चढवून मागून गेलो आणि पुढून आलो. काकांनी आम्हाला गर्दीत हात सुटला तर काय करायचं ते समजावून सांगितलं. मी त्या दिवशीची तर्री तशीच ठेवली. काकूंनी मात्र सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.

पुढच्या उन्हाळ्यात दोनदा ते घराबाहेर गेले आणि परतीचा रस्ता विसरले. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी आणून सोडलं. त्यांची एकुलती मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला असते, मोठ्या टेक कंपनीत. ती विमानानं आली आणि तीन दिवस डायनिंग टेबलाशी बसून आईशी भांडली. वर सगळं ऐकू यायचं. ती अर्ध्या इंग्रजीत, काकू मराठीत.

"आई, बाबा नीड्स अ सेफ प्लेस. लॉक असलेली. तिकडे माझ्या घराजवळ चांगलं मेमरी केअर आहे, अशा पेशंट्सना सांभाळणारं. यू कान्ट डू धिस अलोन."

"त्यांना कुलपात ठेवायचं?"

"आणि बाहेर जाऊन मेले तर?"

मग काकूंचा आवाज आला. "हा सीझन जाऊ दे. त्यांचं टेबल लागू दे. यात एकदा जरी हरवले, तर तू म्हणशील ते." मुलगी म्हणाली, प्रॉमिस? काकू म्हणाल्या, शब्द दिला.

म्हणजे त्या सीझनला टेबलावर पोह्यांबरोबर काय ठेवलेलं होतं ते आम्हाला चौघींना नीट माहीत होतं. काकांचं घर. काकांना त्याचा पत्ता नव्हता. आम्ही पाळ्या लावल्या. काकूंनी शिकारी लोक घालतात तसलं भडक नारिंगी जॅकेट आणून त्यांना घातलं, म्हणजे कितीही गर्दी असली तरी लांबून दिसावेत. काकांना ते आवडलं. "कमिटीचं आहे का?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, हो, कमिटीचं. ते घालून ते झोपायलासुद्धा जायचे. एकामागून एक मॅच गेली, टेबल लागलं, काका हलले नाहीत, आणि मला मूर्खासारखं वाटायला लागलं की आपण हे निभावणार.

मग पांढऱ्या कपड्यांची मॅच आली. सकाळी सगळं ठीक. परगावच्या टीमचा रंग मरून होता. मरून जर्सीतला एक जाडजूड, दाढीवाला माणूस एकटाच आला होता, त्यानं तीन वेळा पोहे घेतले, काकांनी त्याला तीन वेळा सगळ्या सूचना दिल्या, आणि तिन्ही वेळा त्यानं पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकलं. दुपार कलली तशी उतारावरून पांढरी माणसं यायला लागली. काका कडेला जाऊन उभे राहिले. मी शेजारी उभी. मग म्हणाले, "बाथरूमला जाऊन येतो." मी दारापर्यंत गेले. बाथरूमचं दार लागलेलं ऐकलं. बाहेर कुणी पाणी मागत होतं, मी ओसरीवरूनच ग्लास दिला आणि पुन्हा वळले.

नारिंगी जॅकेट बाथरूममध्ये खुंटीला टांगलेलं होतं. बेडरूमचं कपाट उघडं. काकूंनी कपाट बघितलं आणि पलंगावर बसल्या. "पांढरा शर्ट गेला," म्हणाल्या. "पांढरी पँट गेली. दसऱ्याची." मागचं दार उघडं होतं. त्या दारानंच तर आम्ही त्या दिवशी पाहुणे व्हायला गेलो होतो.

लाखभर माणूस पांढऱ्या कपड्यांत, आणि त्यात पांढऱ्या कपड्यांतला एक बुटका म्हातारा. मी रस्त्यावर आले. प्रत्येक दुसरा माणूस मला काका वाटत होता. मी अनोळखी माणसांचे खांदे धरून वळवत होते, सॉरी म्हणत होते. आम्ही चौघी चार दिशांना जाणार, तेवढ्यात काकूंनी अडवलं. "मी इथंच थांबते," त्या म्हणाल्या. "दारात. त्यांनी तेच सांगितलंय ना." आणि टेबलाजवळ उभ्या राहिल्या. येणाऱ्याला पाणी द्यायच्या आणि त्याच्या पलीकडे बघायच्या.

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. ते कुठं जातील? ते मॅचला गेलेलेच नाहीत. ते दीक्षाभूमीला गेलेत. तिथं आई सापडेना तर काय करतील? लहानपणी हलले नव्हते. पण इथं हात सुटलेली जागाच नाही. मग माइकवाला. मी स्टेडियमच्या गेटकडे पळत सुटले. गेटबाहेर हरवलं-सापडलं, मदत वगैरेसाठी एक तंबू होता. त्यात दोन घडीच्या खुर्च्या. एकीवर काका, दुसरीवर तो मरून जर्सीतला दाढीवाला. त्यानं काकांचा हात आपल्या मोठ्या पंजात धरलेला. आत मॅच सुरू होण्याआधीचा गलका चालला होता, आणि तो तिकीट खिशात ठेवून बाहेर बसला होता.

"ही टोल्ड मी डोन्ट मूव्ह," तो मला म्हणाला. "सो आय टोल्ड हिम द सेम थिंग."

तंबूतली मुलगी कॉलेजातलीच, गळ्यात हेडसेट. ती माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात बोलली. "ही वॉन्ट्स अस टू पेज हिज मॉम. वी आस्क्ड व्हॉट शी वॉज वेअरिंग, ही सेड व्हाइट." तिनं गेटकडे हात केला आणि तिचे डोळे भरून आले. बिचारीला काय माहीत, हे कुठलं पांढरं.

मी काकांसमोर खाली बसले. "काका."

"तू इथलीच का?" ते मला म्हणाले. "माइकवाल्याला सांग ना बाई. सुगंधाबाई म्हणून पुकारायचं. हातात हिरव्या बांगड्या. मी कधीचा सांगून राहिलो, हे लोक ऐकतच नाहीत."

"पुकारतील, काका. चला, घरी वाट बघतायत."

"मी हलणार नाही."

शेवटी काकूंना फोन करून बोलवावं लागलं. त्या पोलिसाच्या गाडीतून आल्या. काकांनी त्यांना बघितलं आणि ओळखलं, एवढं त्या दिवशी पदरात पडलं. "मॅडम, आईला बघितलं का?"

"बघितलं," काकू म्हणाल्या. "पुढं गेल्यात. घरी भेटतील." तेव्हा ते उठले. दाढीवाल्याचा हात सोडताना त्याला म्हणाले, "जेवून जा." तो हो म्हणाला. पुढे तो आत गेला, की मॅच न बघताच परतला, मला माहीत नाही. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर काकूंनी त्यांना खाऊ घातलं, झोपवलं. बाहेर अजून लोक जात होते. मी स्वयंपाकघरात काकूंना म्हटलं, "काकू, सापडले ना. तिला कशाला सांगायचं? आमच्या तिघींशिवाय कुणाला कळलंय?" मला खरोखर वाटत होतं की सांगू नये. मला ते टेबल हवं होतं.

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. "आज पांढऱ्यात हरवले," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात बर्फ पडेल. बर्फात कोण बसणार आहे त्यांचा हात धरून?" आणि फोन उचलला. मुलीला एवढंच म्हणाल्या, "ये." मग खिडकीशी पाठ करून उभ्या राहिल्या आणि रडल्या. मी जवळ गेले नाही, कारण मला स्वतःला आवरत नव्हतं.

घर विकलं. काकू मुलीकडे गेल्या, काका तिच्या घराजवळच्या त्या मेमरी केअरमध्ये. माझी पीएच.डी. कशीबशी पुरी झाली, आता मी जर्सी सिटीत राहते, ट्रेननं मॅनहॅटनला जाते, येते. गेल्या ऑक्टोबरात ऑफिसच्या कामानं बेलव्ह्यूला जाणं झालं, तेव्हा काकूंना फोन केला. "चल, मी रोज जातेच," त्या म्हणाल्या.

जागा छान होती. फुलं, मोठ्या काचा, भिंतीतल्या काचपेटीत मासे. आम्ही बाजूच्या दारानं आत गेलो. मी म्हटलं, पुढचं दार आहे की. काकू म्हणाल्या, "मला तिकडून यायला-जायला मनाई केलीय. पहिल्या दिवशी मी त्यांना पुढच्या दाराशी सोडून निघाले, तेव्हा फार त्रास झाला त्यांना. तिथली बाई म्हणाली, जाताना त्यांना दिसू नका, दुसऱ्या दारानं जात जा. आठवड्यात विसरतील." त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "विसरले नाहीत."

काका पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. अंगात नारिंगी जॅकेट, पायात बूट. आतल्या हॉलमध्ये टीव्हीवर कुठलीशी फुटबॉल मॅच चालली होती, बाकीची म्हातारी मंडळी तिथं होती. रोज सकाळी काका इथं येऊन बसतात. उचलून आत नेलं की परत येतात. आता तिथल्या लोकांनी खुर्चीच ठेवलीय.

"या, या," आम्हाला बघून ते उठायला लागले. "पहिल्यांदाच आलात? आधी पाणी घ्या." पाणी नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, ओशाळले. काकूंनी पर्समधून बाटली काढून त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती आम्हाला दिली, आणि आम्ही दोघी प्यायलो.

"लांबून आलात?"

"अमरावतीहून," काकू म्हणाल्या.

"मंग थकल्या असाल. बसा." त्यांनी आपली खुर्ची काकूंना दिली आणि स्वतः दाराची चौकट धरून उभे राहिले.

मी म्हटलं, "काका, आत चला ना. मॅच चालू आहे."

"मी नाही हलत. आमच्या मॅडम येणार आहेत." त्यांनी जमिनीकडे, दाराच्या आतल्या पायपुसण्याकडे बोट दाखवलं. "इथं हात सुटला. मी आत गेलो अन् त्या येऊन गेल्या तर? फार चुकामूक होते गर्दीत."

काकूंनी उठून त्यांच्या जॅकेटची चेन वरपर्यंत लावली. काका संकोचले, परक्या बाईनं असं केल्यावर संकोचतात तसे, पण लावू दिली. "येतील हो त्या," काकू म्हणाल्या. "येणार नाहीत तर जातील कुठं."

तासाभरानं निघालो. काका म्हणाले, सांभाळून जा, हात धरून चाला. आम्ही आत गेलो, हॉलमधून, टीव्हीच्या मागून, बाजूच्या दारानं बाहेर. पार्किंगमधून बाहेर पडायचा रस्ता इमारतीला वळसा घालून पुढच्या दारासमोरून जातो. काकूंनी तिथं गाडी हळू केली. काचेमागे नारिंगी जॅकेट दिसत होतं. काकूंनी हात हलवला. काकांनीही हलवला, निघालेल्या पाहुण्यांना हलवतात तसा, आणि पुन्हा आमच्या मागच्या रस्त्याकडे बघायला लागले.